घड्याळाच्या स्टील चेनवरचे ओरखडे घरीच काढले: राखाडी पॅड, हिरवी घासणी आणि पॉलिश, तिन्ही वापरून बघितलं

मी बँकेत कॅश काउंटरला बसते आणि आमचं काउंटर आहे लालसर ग्रॅनाइटचं. दिवसभर नोटा मोजायच्या, स्लिपांवर शिक्के मारायचे, खिडकीतून पासबुक पुढे सरकवायचं, आणि प्रत्येक वेळी डावं मनगट त्या ग्रॅनाइटच्या कडेवर घासतं. अशा ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी स्टीलपेक्षा कडक, त्यामुळे हरणार कोण ते ठरलेलंच. घड्याळ सिटिझनचं, इको-ड्राइव्ह, उजेडावर चालणारं, २०१९ च्या दिवाळीत माझ्या पैशाने घेतलेलं. वेळ अजून चोख दाखवतं, काच स्वच्छ आहे, डायल नव्यासारखी आहे, पण चेन उजेडात धरली की बघवत नव्हती. सगळ्यात वाईट अवस्था लॉकची, म्हणजे मनगटाच्या खालच्या बाजूला जे बंद होतं ते झाकण. त्यावर आडवे, तिरके, गोल असे सगळ्या दिशांचे पांढरट ओरखडे, जसं काही कुणी तारेने घासलंय.

तर तीन आठवडे, रविवारी रविवारी बसून, ती चेन मी घरी नीट केली. तीन-चार गोष्टी वापरल्या, काही विकत आणल्या काही घरातल्या होत्या, आणि प्रत्येकीबद्दल जे वाटलं ते इथं लिहिते. घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगते, सगळ्यात उपयोगी पडला तो हार्डवेअरच्या दुकानातला राखाडी पॅड, त्याच्यापुढे बाकीचं सगळं दुय्यम.

आता दुकानात का नाही दिलं, तर दिलं होतं, माझं नाही, नवऱ्याचं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घड्याळाची चेन अशीच झाली होती म्हणून गावातल्या एका दुकानात दिली, दुकानदार म्हणाला "नवीन करून देतो", आणि खरंच चार दिवसांनी चकाकणारी चेन हातात आली. घरी येऊन खिडकीपाशी बघितली तेव्हा कळलं काय झालंय. मूळची चेन मंद होती, त्यावर बारीक उभ्या रेघा होत्या, ते सगळं गेलं होतं. बफच्या, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या फिरत्या चाकावर धरून सरसकट आरसा करून टाकला होता. त्याहून वाईट म्हणजे कड्यांच्या कडा. आधी प्रत्येक कडीला एक ताठ धार होती, ती गोल झाली, साबणाची वडी वापरून झिजते ना तशी. लॉकवर कंपनीचं नाव कोरलेलं होतं ते अर्धं पुसट झालं. आणि आरशासारख्या स्टीलवर ओरखडा लपत नाही, महिन्याभरात ती चेन आधीपेक्षा जास्त खराब दिसायला लागली. दुकानदाराला बोलले तर म्हणाला, चमकायला पाहिजे म्हणूनच लोक देतात की. त्याचंही काही अंशी बरोबर असेल, पण विचारायला हवं होतं त्याने. तेव्हापासून मनात होतं की माझी चेन कुणाच्या हातात द्यायची नाही.

इथंच मूळ मुद्दा आहे आणि तो कळला की बाकीचं सोपं. स्टीलच्या चेनवर साधारण दोन प्रकारचं काम असतं. एक पॉलिश, म्हणजे आरशासारखं, त्यात तोंड दिसतं. दुसरं ब्रश फिनिश, काही जण मॅट म्हणतात, ज्याच्यावर एकाच दिशेने गेलेल्या केसाएवढ्या बारीक हजारो रेघा असतात. म्हणजे ब्रश फिनिश हे मुळात ओरखडेच, फक्त शिस्तीत मारलेले. आपल्याला जो ओरखडा खुपतो तो वेगळ्या दिशेने गेलाय म्हणून खुपतो. त्यामुळे तो "घालवायचा" नसतो, त्याच्यावरून बरोबर दिशेने नव्या रेघा ओढायच्या असतात, की तो त्यांच्यात मिसळून जातो. चमक आणायची नाहीच. मला हे कळायला नवऱ्याची चेन खर्ची पडली.

माझ्या चेनीत दोन्ही आहे. तीन ओळींची चेन, बाहेरच्या दोन ओळी ब्रशच्या, मधली बारीक ओळ पॉलिशची. लॉकचं झाकण पूर्ण ब्रश. बहुतेक मधल्या किमतीच्या घड्याळांत थोड्याफार फरकाने असंच दिसतं, तेव्हा आधी भिंगाने किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा कुठला भाग कुठला आहे आणि रेघा कुठल्या दिशेने जातात. चेनीवर सहसा लांबीच्या दिशेने जातात. पण घड्याळाच्या डब्याला वरून गोलाकार किंवा मधून बाहेर किरणांसारख्या रेघा असतील तर तिथं हात लावू नका, ते हाताने जमत नाही, मी पण नाही लावला.

अजून एक गोष्ट आधी तपासायची, की चेन खरंच आतून-बाहेरून स्टील आहे का. हे महत्त्वाचं आहे हो. सोनेरी चेन, अर्धी सोनेरी अर्धी पांढरी, काळी, गुलाबी झाक असलेली, या सगळ्यांवर वरून थर दिलेला असतो, तो घासला की गेला आणि परत येत नाही. घड्याळाच्या पाठीवर "स्टेनलेस स्टील बॅक" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ फक्त पाठ स्टीलची, डबा पितळेचा आणि वर क्रोमचा मुलामा असू शकतो. जुन्या एचएमटी घड्याळांपैकी कितीतरी अशी आहेत, माझ्या सासऱ्यांचं पण तसंच आहे, डब्याच्या कानापाशी, म्हणजे पट्टा जिथं अडकतो तिथं, मुलामा उडून पिवळं दिसतंय. त्याला पॅड लावला असता तर सगळंच पिवळं झालं असतं. माझ्या चेनीच्या लॉकच्या आत "स्टेनलेस स्टील" कोरलेलं आहे आणि ग्रॅनाइटने एवढं घासूनही कुठे दुसरा रंग दिसला नव्हता, म्हणून धीर केला.

पॅड आणायला गेले शिवाजी उद्यमनगरला. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे फाउंड्री आणि मशीनशॉपचा हा जुना भाग, तिथं कास्टिंग, टर्निंग, बफिंग असलं सगळं चालतं, त्यामुळे घासायच्या सामानाची दुकानं आहेत. घड्याळाच्या दुकानात ज्या गोष्टी विचारून दमले होते त्या तिथं फळीवर ठेवलेल्या होत्या. दुकानातल्या मामांनी आधी विचारलं काय घासायचंय. मी मनगटावरचं घड्याळच काढून पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चेन डोळ्याच्या अगदी जवळ नेली, बोटाने लॉक फिरवलं आणि म्हणाले, "ताई, ह्याला बफ नगं. बफ मारला की ही रेघ गेली. पॅड घ्या आणि हातानं वडा, एकाच बाजूनं वडायचं बघा, म्हागं-फुडं न्हाई." तीन आठवड्यांच्या कामात जे काही बरोबर झालं ते या एका वाक्यामुळे झालं.

त्यांच्याकडून दोन पॅड घेतले, दोन्ही थ्रीएमचे स्कॉच-ब्राइट, पण आपण भांड्याला वापरतो ते नाही, कारखान्यात वापरतात ते. एक लालसर मरून रंगाचा, नंबर ७४४७, आणि एक राखाडी, नंबर ७४४८. वहीच्या पानाएवढे मोठे चौकोनी तुकडे, जाड फ्लॅनेलसारखे दिसतात पण हात लावला की खरखर कळते. मरून जाडा, राखाडी बारीक. मरूनमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि राखाडीमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे. हे मुद्दाम सांगतेय कारण सिलिकॉन कार्बाइड घड्याळाच्या चांगल्यातल्या चांगल्या काचेपेक्षा, म्हणजे सफायरपेक्षाही कडक असतं, साध्या मिनरल काचेचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे पॅड हातात असताना काच उघडी असता कामा नये. दोन्ही मिळून दोनशेच्या आतच पैसे गेले, आणि एका चेनीला लागतो दोन बोटांएवढा तुकडा, म्हणजे एक पॅड आख्ख्या गल्लीला पुरेल.

काम सुरू करायच्या आधी चेन डब्यापासून सोडवली. डब्याच्या कानांमधे स्प्रिंगची पिन असते, ती बारीक टोकाच्या हत्याराने दाबून सोडवता येते, ते हत्यार ऑनलाइन स्वस्तात मिळतं. जमत नसेल तर सोडवू नका, काच आणि डबा मास्किंग टेपने पूर्ण गुंडाळा, तेवढं पुरतं. मी सोडवली कारण मला धुवायची पण होती. भांड्याच्या साबणाचे चार थेंब कोमट पाण्यात, जुना टूथब्रश, आणि कड्यांच्या मधून जो काळा चिखल निघाला ना, पाच वर्षांचा घाम आणि हातावरचं क्रीम आणि नोटांची धूळ. मजा म्हणजे नुसतं धुतल्यावरच चेन निम्मी सुधारली, जे ओरखडे वाटत होते त्यातले बरेच मळाचे होते. म्हणून कुणी पॅड आणायच्या आधी एकदा धुऊन बघा, कदाचित तेवढ्यावरच भागेल.

आता माझी चूक सांगते. पहिल्या रविवारी मी आधी ब्रशचा भाग केला आणि मग मधल्या ओळीला पॉलिश लावलं. उलट करायला पाहिजे होतं. पॉलिशची पेस्ट कापडातून शेजारच्या कड्यांवर गेली आणि नुकत्याच ओढलेल्या रेघांच्या कडेला चमकदार डाग पडले, मग ते परत घासा. योग्य क्रम असा, आधी चमकदार भाग पॉलिश करा, पुसा, धुवा, वाळवा, मग त्या चमकदार भागावर टेप लावून झाका, आणि सगळ्यात शेवटी ब्रशचं काम. शेवटचा हात ब्रशचाच असला पाहिजे.

टेप लावणं हे या सगळ्यातलं सगळ्यात किचकट काम, आणि लोक तेच टाळतात. मधली ओळ माझ्या चेनीत जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद आहे. मास्किंग टेपची पट्टी स्टीलच्या फुटपट्टीवर धरून ब्लेडने कापली, चेन पाटावर सरळ ठेवून दोन्ही टोकं टेपने पाटाला चिकटवली म्हणजे हलणार नाही, आणि मग पट्टी एकेका कडीवर बसवत गेले, नखाने कडा दाबत. पाऊण तास गेला त्यात. एका कडीवर टेप थोडी सरकली होती ते लक्षात आलं नाही आणि तिथं चमकदार कडेवर पॅडची खूण उमटलीच, अजून आहे, माझ्या डोळ्याला दिसते. तेव्हा टेप दोनदा तपासा, तिरक्या उजेडात.

मग ओढायचं काम. राखाडी पॅडचा तुकडा मी खोडरबरवर गुंडाळला, शाळेतलं मोठं पांढरं खोडरबर असतं ते. नुसत्या बोटाने धरला तर बोटाच्या टोकाचा दाब एकाच जागी पडतो आणि तिथं खळगा दिसतो, खोडरबरने दाब सपाट पडतो. लॉकच्या झाकणाखालीही दुसरं एक खोडरबर सरकवलं, कारण ते झाकण पातळ असतं, दाबलं की लवतं. पॅड चेनीच्या बाहेर ठेवून सुरुवात करायची, पूर्ण लांबी ओढत न्यायचं, दुसऱ्या टोकाच्या बाहेर निघायचं, हात उचलायचा, परत सुरुवातीला आणायचा. परत ओढायचं. पुढे-मागे केलं की जिथं हात वळतो तिथं छोटे वळणाचे डाग पडतात आणि रेघा तुटक दिसतात. गोल तर अजिबातच फिरवायचं नाही, भांडी घासायची सवय हाताला असते ती इथं मोडायला लागते. दाब किती, तर कपड्यावर हलक्या हाताने इस्त्री फिरवतो तेवढा. पंधरा-वीस वेळा ओढल्यावर थांबायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, खिडकीशी नेऊन बघायचं.

तो क्षण बघण्यासारखा आहे खरंच. लॉकवर एक लांब तिरका ओरखडा होता, शिक्क्याच्या लोखंडी स्टँडला घासून पडलेला. दहा वेळा ओढल्यावर तो मधेमधे तुटला, म्हणजे सलग पांढरी रेघ होती तिच्या जागी ठिपके राहिले. पंचविसाव्या वेळी फक्त एका टोकाला उरला. मग मरून पॅडने चार-पाच वेळा ओढलं, त्याने थोड्या जाड रेघा पडल्या, आणि त्यावरून परत राखाडीने वीस वेळा, आणि तो ओरखडा गेला. म्हणजे स्टील तिथंच आहे, फक्त आता त्यावर एकच दिशा आहे. घड्याळ हलवलं की उजेड त्या झाकणावरून एका पट्टीत सरकतो, नवीन असताना सरकायचा तसा. मी ते दहा वेळा हलवून बघितलं असेल.

म्हणून पॅडचं माझं मत असं: नुसते वरवरचे ओरखडे असतील तर राखाडी एकटा पुरतो. थोडे खोल असतील तर आधी मरून आणि मग राखाडी. नुसता मरून वापरून थांबलात तर रेघा कंपनीच्या रेघांपेक्षा जाड दिसतात, शेजारची कडी आणि ही कडी वेगवेगळ्या दिसायला लागतात. एकाच कडीवर काम करून सोडू नका हेही सांगते, आख्खी ओळ एका हातात ओढा, नाहीतर ठिगळ दिसतं.

आता स्वयंपाकघरातली हिरवी घासणी. बऱ्याच जणांनी मला सांगितलं होतं की तीच वापर, वेगळं काही लागत नाही. लॉकच्या आतल्या पट्टीवर, जी घातल्यावर दिसत नाही, तिथं करून बघितलं. चालते, खोटं नाही सांगणार. पण नवीन घासणी फार आक्रमक निघाली, रेघा जाड आणि एकसारख्या नाहीत, मधेच एखादी खोल रेघ पडते जी आधीच्या ओरखड्यापेक्षा वाईट. पंधरा दिवस भांड्याला वापरलेली घासणी बरी पडली, मऊ झालेली असते. पण वापरलेल्या घासणीत तेल आणि अन्नाचे कण, आणि जर त्याच घासणीने लोखंडी तवा घासला असेल तर त्यात लोखंडाचे कण अडकलेले असतात, ते स्टीलच्या रेघांत बसले की काही दिवसांनी त्यांनाच गंज धरतो आणि वाटतं चेनलाच गंज आला. त्यामुळे हाताशी दुसरं काही नसेल, आणि घड्याळ रोजचं रफ असेल, तरच, आणि तीही कोरी घासणी घेऊन आधी भांड्याच्या बुडावर जरा मऊ करून. ज्या घड्याळावर जीव आहे त्याला पन्नास-शंभर रुपये जास्त घालून राखाडी पॅड आणा.

तारेची घासणी, म्हणजे ती कुरळ्या तारांची, तिचं तर नाव काढू नका. कारण तेच, लोखंड मागे राहतं.

पॉलिशसाठी दोन गोष्टी वापरल्या. एक ऑटोसोलची ट्यूब, जर्मन मेटल पॉलिश, बुलेटवाल्यांकडे हमखास असते, माझ्या दिराकडून घेतली. मधल्या चमकदार ओळीवर बारीक जाळ्यासारखे ओरखडे होते, त्याला उडदाच्या दाण्याएवढी पेस्ट, जुन्या बनियनच्या मऊ तुकड्यावर घेऊन, दोन-तीन मिनिटं घासली. कापड काळंकुट्ट होतं, ते बघून घाबरू नका, ते धातूचे सूक्ष्म कण आणि पॉलिश मिळून होतं. पुसल्यावर ती ओळ अशी उजळली की शेजारच्या ब्रशच्या ओळी एकदम मलूल वाटल्या. खूप छान काम करते, पण पेस्ट घट्ट असते आणि कड्यांच्या फटीत जाऊन बसते, ती काढायला परत टूथब्रश आणि साबण आणि वेळ. कानकाडीने लावली असती तर बरं झालं असतं, दुसऱ्या वेळी तसंच केलं.

दुसरं म्हणजे केप कॉडचं कापड, अमेरिकेतलं, आमच्या शाखेतल्या एका मॅडमच्या भाच्याने तिकडून आणलेलं, त्यांनी एक दिलं मला. सुती कापड, आधीच औषधात भिजवलेलं, आणि त्याला व्हॅनिलाचा वास येतो, घरात आइस्क्रीम फोडल्यासारखा. कापडाचा फायदा हा की हात ताब्यात राहतो, टोकाला दुमडून बारीक ओळीत नेता येतं, आणि पेस्टसारखं फटीत साचत नाही. हातमोजे घाला मात्र, बोटं काळी होतात आणि वास जात नाही दिवसभर. इथं मागवायचं झालं तर महाग पडतं, एवढ्याशा कामाला एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही, ऑटोसोल किंवा अगदी ब्रासोही नीट वापरलं तर चालतं. पण कुणी आणून देणार असेल तर जरूर मागवा. आणि ही दोन्ही पॉलिशं ब्रशच्या भागावर लावायची नाहीत, हे तिसऱ्यांदा लिहितेय कारण हीच चूक सगळ्यात जास्त होते.

टूथपेस्टही करून बघितली, कारण सगळेच सांगतात. दहा मिनिटं घासून चेनला पुदिन्याचा वास आला, ओरखडा होता तिथंच. पॉलिशच्या भागावर जरा उजळ वाटलं पण ते धुतल्यामुळे असेल. वेळ घालवू नका. खाण्याचा सोडा तसाच. पितांबरी आमच्या घरी देवाच्या समया आणि तांब्याच्या कळशीला वर्षानुवर्षं आहे, तिथं तिला तोड नाही, पण ती तांब्या-पितळेसाठी आहे, घड्याळाच्या चेनीत घालायचं कारण नाही. पॉलिश पेपर, म्हणजे आपण ज्याला वॉटर पेपर म्हणतो तो, बारीक नंबरचा असेल तर माहीतगार माणूस वापरतो, पण तो कडक असतो, कडीच्या गोलाईवर बसत नाही आणि कडा खातो. पॅड वळतो, गोलाईवर बसतो, हा फरक आहे.

मला घरच्यांनी विचारलं की एवढं घासल्यावर गंज नाही का येणार, वरचा थर गेला ना. नाही येत. स्टेनलेस स्टीलला वरून कुणी थर देत नाही, त्यातच कमीत कमी साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि ते हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून स्वतःच एक अदृश्य पापुद्रा धरतं. घासलं की तो जातो आणि परत आपोआप धरतो. घड्याळांत जे ३१६ एल स्टील सर्रास वापरतात त्यात क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं आणि वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम, ते घामातल्या मिठाला तोंड देतं. फक्त काम झाल्यावर चेन परत नीट धुवा, हे विसरू नका. पॅडची बारीक पूड कड्यांच्या सांध्यात राहिली तर ती घातलेली असताना हालचालीबरोबर आतल्या पिनाच घासत राहते आणि चेन सैल पडते. मी दोनदा धुतली, हेअर ड्रायरच्या गार हवेने वाळवली.

जे नाही गेलं तेही सांगते. सहा वाजण्याच्या बाजूच्या दुसऱ्या कडीवर एक खोच आहे, कॅश पेटीच्या झाकणात घड्याळ सापडलं होतं तेव्हाची. नखाला अडकते. नियम सोपा आहे, नख फिरवून बघा, अडकत नसेल तर पॅडने जाईल, अडकत असेल तर नाही जाणार. ती घालवायची म्हणजे बाजूचं सगळं स्टील त्या खोलीपर्यंत खाली न्यायचं, मग कडी पातळ होते आणि आकार बिघडतो. जाणकार लोक अशा खोचेत लेसरने धातू भरून मग सपाट करतात, ते महागाच्या घड्याळांसाठी ठीक. मी ती तशीच ठेवली. आणि पॅड मारताना दर वेळी थोडंसं स्टील जातंच, तेव्हा दर महिन्याला करायचं काम नाही हे. दोन-तीन वर्षांतून एकदा, बास. तोपर्यंत मी काउंटरच्या कडेला फोमची पट्टी चिकटवून घेतलीय, साहेबांना विचारून.

गुण द्यायचे तर राखाडी ७४४८ ला पाचपैकी पाच, मनापासून. मरूनला चार, एकटा वापरू नका म्हणून. ऑटोसोलला चार. केप कॉडला कामाचे पाच आणि किमतीचे दोन. कोऱ्या हिरव्या घासणीला दोन, मऊ केलेल्या कोरीला तीन.

नवऱ्याच्या त्या बफ मारलेल्या चेनीवर पण मागच्या रविवारी मरून आणि मग राखाडी ओढला. कडांची धार काही परत आली नाही, ती येणारच नव्हती, पण मंद रेघा आल्या आणि ते परत तेच घड्याळ घालायला लागलेत. उरलेल्या राखाडी पॅडचे चार तुकडे केले, एक त्या भाच्यावाल्या मॅडमना दिला, एक शिपाईकाकांना, त्यांच्या मुलाला नोकरी लागली तेव्हा त्याने काकांना घड्याळ घेऊन दिलंय आणि त्याच्या लॉकचीही ग्रॅनाइटने तीच गत केलीय. राहिलेले दोन झिपच्या पाकिटात घालून कपाटात ठेवलेत आणि वर मार्करने "घड्याळ, भांड्याला लावू नये" असं लिहिलंय, कारण आमच्या मावशींनी एक तुकडा ओट्यावर दिसला म्हणून तव्याला घ्यायला उचललाच होता.